डबा परक्याचा, टेप घरचा

हवाबंद डबा बनवणाऱ्या कारखानदाराने यवतमाळचा मे महिना पाहिलेला नसतो. पाहिला असता, तर झाकणावर 'आयुष्यभर टिकणारा' असं छापण्याआधी त्याने दोनदा विचार केला असता. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की झाकणाच्या चार कड्यांपैकी पहिली कट्कन मोडते. दुसरी मृगाच्या पावसात जाते. मग आत पाणी शिरतं, पाण्यात वही भिजते, ओल्या वहीत मुंग्या बिऱ्हाड मांडतात. पोळ्यापर्यंत वहीचा पार लगदा झालेला असतो. त्या लगद्यात कुणा जर्मन पाहुण्याची सही, पुण्याच्या एखाद्या जोडप्याने काढलेला बदाम आणि पालीची अंडी असा सगळा ऐवज एकजीव झालेला असतो.

हा डबा म्हणजे जिओकॅश. कुणीतरी तो रानात किंवा गावात लपवायचा, अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, आणि बाकीच्यांनी जीपीएस घेऊन शोधायला निघायचं. सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथे, होता तसा ठेवून निघून यायचं. बक्षीस नाही, पेढा नाही, पेपरात फोटो नाही. तरीही जगात असे तीस लाखांहून अधिक डबे लपवलेले आहेत आणि रविवारची झोप मोडून काट्याकुट्यांत शिरणारी माणसं सगळीकडे आहेत.

या खेळाची जन्मतारीख पक्की ठाऊक आहे. जीपीएसच्या नागरी वापरात अमेरिकन सरकारने मुद्दाम एक चूक मिसळून ठेवली होती, ती २ मे २००० रोजी काढून टाकली. तोवर शंभरेक मीटरची गफलत व्हायची, ती दहा-वीस मीटरवर आली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळ डेव्ह उल्मर या गृहस्थाने जंगलात एक काळी प्लास्टिकची बादली ठेवून तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर टाकला. बादलीत पुस्तकं होती, सॉफ्टवेअर होतं, थोडे पैसे होते, एक गलोल होती आणि घेवड्याच्या उसळीचा एक बंद टिन होता. गलोल आणि उसळ! रानात जाणाऱ्या यवतमाळच्या कुठल्याही पोट्ट्याने नेमकं हेच सोबत नेलं असतं. पुढे नियम झाला की डब्यात खाण्याची वस्तू ठेवायची नाही. हा नियम ज्यांनी केला, त्यांची आणि मुंग्यांची गाठ पडलेली असणार यात शंका नाही.

तर डबा ठेवतो तो मालक. डबा जागेवर आहे ना, वही कोरडी आहे ना, हे अधूनमधून जाऊन पाहणं मालकाचं काम, असा खेळाचा दंडक आहे. म्हणूनच सुट्टीत फिरायला आला, डबा ठेवला आणि विमानाने निघून गेला, अशा पाहुण्याच्या डब्याला सहसा मंजुरी मिळत नाही. देखभालीला जवळचा कुणी माणूस आहे, असं त्याला दाखवावं लागतं.

सगळी गंमत त्या जवळच्या माणसाची आहे.

समजा, टिपेश्वरचा वाघ पाहायला आलेल्या कुणी परतीच्या वाटेवर पांढरकवड्याच्या अलीकडे, महामार्गापासून आत, एखाद्या जुन्या पळसाच्या ढोलीत डबा ठेवला. महामार्ग चव्वेचाळीस, म्हणजे श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारी सगळी दुनिया इथूनच जाते. हौशी माणूस चहाला थांबतो आणि फोनमध्ये पाहून पळसाकडे वळतो. डबा काही सापडत नाही. पऱ्हाटीच्या वावरातून वर-खाली तीन चकरा झाल्या की धुऱ्यावर बसलेला ढोरकी विचारतो, "काय शोधता भाऊ?" भाऊ लाजत लाजत सांगतात. ढोरकी सहज म्हणतो, "तो डब्बा का? वानराईनं नेला ना तो. दिवाईच्या आंधी."

या खेळात अनभिज्ञ माणसाला 'मगल' म्हणतात, हॅरी पॉटरच्या गोष्टीतून उचललेला शब्द. मगलांना काही कळू द्यायचं नाही, हा पहिला धडा. प्रत्यक्षात डब्याची खडान्‌खडा बातमी फक्त मगलांकडेच असते.

अशा वेळी या खेळाची नोंदवही सांभाळणाऱ्या सिॲटलच्या कंपनीचा सल्ला साधा आहे: सापडला नाही अशी नोंद करा, मालकाचं लक्ष वेधा आणि घरी जा. स्वतः नवा डबा ठेवू नका. मूळ डबा सापडला नाही म्हणून त्या जागी खिशातला दुसरा डबा ठेवायचा आणि त्यातच सही करून 'सापडला' म्हणायचं, याला इंग्रजीत 'थ्रोडाउन' असं नाव आहे आणि जाणकार मंडळी ते नाक मुरडूनच घेतात. कारण मूळ डबा बऱ्याचदा तिथेच असतो, दोन हातांवर, दगडाखाली. मग एका ठिकाणी दोन डबे, दोन वह्या, आणि कोणता खरा यावर समुद्रापलीकडच्या मालकाशी पत्रव्यवहार.

पण यवतमाळच्या माणसाला असं अर्धवट काम सोडून घरी जाववत नाही. त्याच्या स्कूटरच्या डिकीत सगळं सामान असतं: काळा इन्सुलेशन टेप, एम-सील, सुतळी, शिसपेन्सिल (शाई ओलीत फुटते हे तो अनुभवाने शिकलेला), आणि बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. मोडका डबा हाती लागला की तो रुमालाने पुसतो, वहीची पानं एकेक सुटी करून दगड ठेवून उन्हात वाळवतो. तुटलेल्या कडीला टेपचे सात वेढे देतो. शेवटचा वेढा दाताने तोडतो, कारण कात्री घरी राहिलेली असते. मग दोन पावलं मागे सरकून, मान तिरपी करून पाहतो. हे झाकण आता मालकालाही उघडणार नाही, हे त्याच्या लक्षात येत नाही असं नाही. पण काम कसं मजबूत झालं!

आणि याच माणसाच्या घरचा नळ गेल्या पोळ्यापासून टपकतो आहे.

मदतनिसांत जाती आहेत. टेपवाला सर्वांत निरुपद्रवी. त्याच्या वरचा तो सुधारक. याला डब्याची जागाच पटत नाही. "पायटानं पाणी शिरते इथं," असं म्हणून तो डबा तीन झाडं पलीकडे सरकवतो आणि अक्षांश-रेखांश मात्र जुनेच राहतात. त्यानंतर येणारे सहा जण जुन्या झाडाची साल काढून बघतात. तिसरा पाटीवाला. तो डब्यावर ठळक अक्षरांत लिहितो, 'कृपया हात लावू नये'. आजवर ज्यांनी त्या झाडाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ते सगळे त्या दिवशी हात लावून जातात.

पाटीवाल्याची काळजी अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. २०११ च्या जुलैत इंग्लंडमधल्या वेदरबी गावी कॅफेजवळ ठेवलेला एक डबा कुणाला संशयास्पद वाटला, रस्ता बंद झाला आणि लष्कराच्या बॉम्बशोधक पथकाने तो रीतसर उडवून दिला. आपल्याकडे बसस्थानकावर 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ही सूचना ऐकतच आपण मोठे झालो आहोत. शिवाय विदर्भातल्या खेड्यात आणखी एक अडचण आहे. या डब्यांत देवाणघेवाणीसाठी बारीकसारीक वस्तू टाकायची पद्धत आहे: परदेशी नाणं, बटण, चावीची कडी, चिमुकली बाहुली. आता वडाच्या मुळाशी, डब्यात, अनोळखी नाण्यांसोबत एक बाहुली निघाली, तर गावात काय बोललं जाईल? राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण तो त्या बाहुलीला पाहणाऱ्या आजीबाईंपर्यंत पोचेतो डब्याची होळी झालेली असते. शहाणा मदतनीस त्यामुळे टेप लावण्याआधी बाहुली काढून खिशात घालतो. घरी ती धुणं धुताना बायकोला सापडते. मग तिथे वेगळा खुलासा करावा लागतो.

काळी माती हा आणखी एक स्वतंत्र विषय आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या खेळात पूर्वी फोटोच्या रोलची प्लास्टिकची डबी फार लाडकी होती, अंगठ्याएवढी. डोंगराळ ओरेगॉनमध्ये ती ठीक. कापसाच्या वावराच्या कडेला ठेवलेली तसली डबी एप्रिलमध्ये एका भेगेत गडप होते आणि आषाढात भेग मिटते. मालकाने कितीही पत्रं पाठवली तरी ती वस्तू मग भूगर्भशास्त्रज्ञांच्या ताब्यातली.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की परक्याने ठेवलेली खूण जपायचा हा उद्योग नवाच आहे. नाही. वऱ्हाडाला तो जीपीएसच्या पावणेदोनशे वर्षं आधीपासून लागलेला आहे.

कर्नल विल्यम लॅम्टन हा इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेतून त्रिकोणांमागून त्रिकोण मोजत वर निघाला. बिदरच्या बाजूने तो वऱ्हाडात शिरला आणि एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, परिसरात टाकळखेड्याला त्याच्या कामाची एक आधाररेषा मोजली गेली. पुढे हैदराबादहून नागपूरला जाताना १८२३ च्या जानेवारीत तो हिंगणघाटला वारला. यवतमाळ जिल्ह्यातून वर्धा नदी ओलांडली की हिंगणघाट. त्याची कबर तिथेच आहे. काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेलं आणि शिखराला नावही त्याचंच मिळालं. ज्याने डबा ठेवला तो हिंगणघाटला, आणि ज्याने देखभाल केली तो हिमालयावर. मदतनिसांच्या इतिहासातला हा सर्वोच्च सन्मान म्हणायला हरकत नाही.

या सर्वेक्षणाच्या खुणा म्हणजे अस्सल जिओकॅश होत्या. टेकडीच्या माथ्यावर चौथरा, त्यात दगड, दगडावर वर्तुळ आणि मधोमध ठिपका. त्याच ठिपक्याच्या बरोबर खाली, ओळंबा लावून, आणखी एक खुणेचा दगड पुरलेला. वरचा कुणी उखडला तर खालचा हाताशी असावा, ही दूरदृष्टी. ती गरजेची होती, कारण साहेब दुर्बीण घेऊन टेकडीवर चढतो, दगड पुरतो आणि काही न बोलता निघून जातो म्हटल्यावर गावकऱ्यांनी काय समजायचं? खाली धन आहे! लोक रात्री कुदळ घेऊन जात. खणून खणून हाती यायचा एक दगड, त्यावर ठिपका. आजच्या शोधकांच्या हातीही फारसं वेगळं काही येत नाही, पण ते निदान सही करतात.

सर्वेक्षण खात्याने मग हे दगड गावच्या अधिकाऱ्यांच्या, पाटलांच्या हवाली केले आणि त्यांच्या अवस्थेबद्दल जिल्ह्यातून अहवाल मागवायला सुरुवात केली. खात्याच्या छापील खंडांत प्रत्येक खुणेचं वर्णन असे: कोणत्या टेकडीवर, भोवतालची गावं कोणत्या दिशेला आणि किती मैलांवर, चौथरा कसा. आजच्या जिओकॅशच्या पानावर नेमकी हीच माहिती असते. फरक इतकाच, की पाटलाला तो दगड कशासाठी आहे हे कुणी समजावून सांगितल्याचं दिसत नाही. त्याने तो सांभाळला तो सरकारी दगड म्हणून. शेंदूर लावला असता तर कदाचित जास्त टिकला असता.

गावात खालच्या पातळीवर हीच परंपरा धुऱ्यावर चालू आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हद्दीच्या खुणा जपण्याची जबाबदारी जमीनधारकावर टाकली आहे. मोजणीवाला येतो, दगड रोवतो, चहा घेऊन जातो. तो दगड पुढे शेजारी जपतो, आणि फार आपुलकीने जपतो. पावसाळ्यात माती सुटली की सरळ करतो. सरळ करताना वीतभर इकडे घेतो. वर विचारलं तर म्हणतो, "पडला होता बाप्पा, उचलून ठेवला." वर उल्लेखलेला सुधारक हा याच घराण्यातला. दुसऱ्याच्या खुणेला केलेल्या या मदतीवर जिल्ह्यातल्या कितीतरी वकिलांची घरं उभी आहेत.

आणि शकुंतला रेल्वे? परक्याची वस्तू सांभाळण्याचा विषय निघावा आणि शकुंतलेचं नाव येऊ नये, हे यवतमाळात शक्य नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची अडीच फुटी अरुंद लाइन किलिक निक्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकली, इथला कापूस मुंबईला आणि तिथून विलायतेला न्यायला. १९५१ च्या सुमारास देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारजमा झाल्या. ही राहून गेली. रुळांची मालकी कंपनीकडेच आणि गाडी चालवणार भारतीय रेल्वे, वर त्याबद्दल कंपनीला मोबदला. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन ती १९९४ च्या १५ एप्रिलपर्यंत ओढत होतं. नंतर डिझेल आलं. गाडीवरची मोजकी माणसंच तिकीट, सिग्नल, इंजिन जोडणं-सोडणं सगळं पाहायची. मालक दूर कुठेतरी, त्याने वर्षानुवर्षं तोंड दाखवलेलं नाही, झाकण मोडलं तर टेप लावणार दारव्ह्याचा माणूस. जिओकॅशिंगच्या नियमांत ज्याला बेजबाबदार मालक म्हणतात, त्याचं इतकं लांबलचक उदाहरण दुसरं मिळायचं नाही. आणि मदतनिसाने मालकाला वर पैसे द्यायचे, ही कल्पना तर सिॲटलच्या कंपनीलाही अजून सुचलेली नाही.

शकुंतला थांबली तेव्हा लोक हळहळले, निवेदनं दिली, समित्या झाल्या. ती ज्या कंपनीची होती तिच्यासाठी नव्हे, अर्थातच. इतकी वर्षं ज्या वस्तूला आपण सुतळी बांधली, ती आपलीच झालेली असते, हा इथला कायदा आहे.

असंच कॅन्सस राज्यातल्या मिंगोच्या डब्याचं. ११ मे २००० ला ठेवलेला हा डबा आज चालू असलेल्यांत सर्वांत जुना मानतात. त्याचं मूळ भांडं केव्हाच गेलं, नवं आलं. शोधायला जाणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही; ते तारखेला भेटायला जातात. उलट टोकाला आहे अंतराळ स्थानकातला डबा. रिचर्ड गॅरियट या हौशी प्रवाशाने २००८ साली तिथल्या एका कप्प्यावर खुणेची पट्टी लावली. मालकाने वेळोवेळी जागेवर जाऊन पाहावं, हा नियम तिथे कसा लावायचा हे कुणी विचारत नाही. चारशे किलोमीटर उंचीवर यवतमाळचा टेपवाला पोचू शकत नाही, याचं मात्र त्याला मनापासून वाईट वाटत असेल.

जिल्ह्यात एक डबा असा होऊन गेला की ज्याच्या मदतीला कुणीच धावलं नाही. टिपेश्वरच्या एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत जीपीएसचा पट्टा बांधला. तो वाघ उन्हाळा संपता संपता निघाला आणि वावरं, रस्ते, नदी-नाले पार करत १३०० किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कुठे आहे ते मीटरमध्ये कळत होतं. इतका अचूक पत्ता असूनही शोधायला गर्दी झाली नाही, आणि पट्ट्याची बॅटरी तपासून देतो म्हणून कुणी स्कूटर काढली नाही.

खेळात एक सोय आहे: मालक कंटाळला असेल तर तो डबा दुसऱ्याला दत्तक देऊ शकतो. वर्षानुवर्षं टेप लावणाऱ्याला कुणीतरी हे सुचवतंच. मालकाला लिहा, संमती मागा, तुमच्या नावावर करून घ्या. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचं नाव चढून बसलेलं असतं, फेरफार काही होत नाही, तसंच इथेही. मालकाचा ईमेल बंद पडलेला, उत्तर नाही. मग तपासणी करणारा स्वयंसेवक काही आठवडे वाट पाहतो आणि डबा नोंदीतून काढून टाकतो. संगणकावर डबा वारला. इकडे पळसाच्या ढोलीत तो नव्या टेपसह ठणठणीत असतो आणि टेपवाला दर पावसाळ्याआधी जाऊन त्याची वही वाळवतच असतो.

पानठेल्यावर एकदा कुणीतरी त्याला विचारतं, की काकाजी, एवढा जीव लावता, मग स्वतःच्याच नावाने एक डबा का नाही ठेवत? काकाजी चुना मळता मळता थांबतात, विचारणाऱ्याकडे नीट बघतात.

"आपला डब्बा ठेवला तं त्याच्याकडं पाहाले कोन जाईन?"